तिसऱ्या फळीवर, डावीकडे

रस्ता बंद होऊन आज सहावा दिवस.
खालच्या वळणावर अर्धा डोंगर घसरून बसलाय,
पांढरा, आगंतुक पाहुण्यासारखा, उठायचं नाव नाही.
झुग्दिदीची गाडी नाही, म्हणजे पीठ नाही, साखर नाही.
दुकानदार बेसारिऑन म्हणतो,
साबण आहे, काडेपेट्या आहेत,
यातलं काय शिजवता ते तुम्हीच ठरवा.

संध्याकाळी इटलीहून, बारीहून, आईचा फोन.
तिथे ती एका म्हाताऱ्या बाईंना न्हाऊ-माखू घालते,
गोळ्या मोजते,
त्यांच्या मुलांची नावं त्यांना रोज नव्याने सांगते.
चार वर्षं झाली.
घरात काय आहे, असं ती विचारत नाही.
काय आहे ते तीच सांगते.

"जुम्बेर, कोठीत जा. उंबरा सांभाळ, ठेच लागेल.
तिसऱ्या फळीवर, डावीकडे, निळ्या झाकणाची बरणी: अक्रोड.
तिच्यामागे आलुबुखारची पोळी, कापडात गुंडाळलेली.
खाली पोत्यात ठिपक्यांचा राजमा.
आणि चपट्या डब्यात ती निळ्या फुलांची मेथी,
जिला आपण 'परका वास' म्हणतो
आणि जी आपल्याच कुंपणाशी उगवते."

बाबांच्या एका हातात फोन, दुसऱ्यात बॅटरी.
मी दारात.
बरणी आहे. निळं झाकण आहे.
आत सालपटांची चिमूटभर धूळ.
(अक्रोड पहिल्याच हिवाळ्यात संपले.
निम्मे मी खाल्ले, शाळेतून आल्या आल्या, उभ्यानेच.)
"सापडले?"
"सापडले," बाबा म्हणतात.

"एक मूठ घे. तुझी नको, माझी मूठ."
बाबा रिकाम्या बरणीत हात घालतात
आणि आत, अंदाजाने, मूठ लहान करतात.
मला हसू येतं. मग येत नाही.

"कूट आता. मला ऐकू येऊ दे."
बाबा खलबत्त्यात जाडं मीठ कुटतात.
"तेल सुटलं?"
"सुटलं."
मेंढ्या विकतानासुद्धा हा माणूस
इतकं सलग खोटं बोललेला नाही.

कोठीत खरं काय आहे ते मी सांगते.
मकरोनीचे अकरा पुडे. टोमॅटोचे डबे.
ऑलिव्हचं तेल, जे बाबा बिजागऱ्यांना घालतात.
कॉफी, जी कोणी पीत नाही.
सगळं तिनेच पाठवलेलं, दर दोन महिन्यांनी,
चिकटपट्टीने गच्च बांधलेल्या खोक्यांतून.
आणि पोत्याच्या तळाशी दोन ओंजळी राजमा,
त्यातही खडे.

तो शिजायला तीन तास. फोन चालूच.
तिकडे ती बाईंना सूप भरवतेय,
त्यांच्या दातांवर चमचा वाजतो.
इकडे झाकण वाजतं.
मधे बराच वेळ कोणीच बोलत नाही,
आणि घरात माणूस असलं की होतं
तसं काहीतरी होतं.

शेवटी बाबा टोमॅटोचा डबा फोडतात,
मकरोनी राजम्यात मोडून घालतात,
चोरासारखे, आवाज न करता.
मेथीचा डबा उपडा करून ठोकतात, पडत काहीच नाही.

"वास कसा येतोय?" आई विचारते.
बाबा माझ्याकडे बघतात. त्यांच्याजवळचं संपलंय.
मी फोन घेते. पातेल्यावर वाकते.
"परका," मी म्हणते.

"हं," ती म्हणते, "मग जमलं."
आणि तिचा श्वास सुटल्याचं इथवर ऐकू येतं.

आम्ही जेवलो. वाईट नव्हतं.
बाबांनी बरणी पुसली,
तिसऱ्या फळीवर, डावीकडे ठेवली,
झाकण घट्ट लावून,
जसं काही आत हवा लागू द्यायची नाही.

उद्या ती मधाबद्दल विचारेल.
दुसरी फळी, उजवीकडे.
झोपण्याआधी बघून ठेवायला हवं.